त्र्यंबकराव क्षीरसागर यांच्या मुलीचं लग्न

मी रोज सकाळी चहा घेऊन माडीवर जातो आणि खोटी नावं, खोटे पत्ते, खोटी लग्नं भरायला बसतो. हे काम मी इमानानं करतो. आमच्या पूर्णा गावात कुणी विचारलं आणि मी हे सांगितलं की लगेच माणूस आधी माझ्याकडं बघतो, मग आमच्या घराकडं बघतो आणि ऊन किती वाढलंय त्याचं बोलायला लागतो.

या अंकाच्या संपादकांनी नोकरीवर लिहा म्हणलं तेव्हा त्यांच्या मनात रेल्वे होती. रेल्वेत मी खलाशी होतो. गाडी उभी राहिली की लांब दांड्याची हातोडी घेऊन चाकं वाजवत जायचं. खणखणीत वाजलं तर पुढं सरकायचं, बद्द वाजलं तर साहेबाला हाळी द्यायची. त्यात उभा जन्म गेला आणि त्यावर लिहिण्यासारखं एवढंच आहे. खरी नोकरी मला पेन्शन सुरू झाल्यावर लागली. घरातल्या घरात, सुनेच्या हाताखाली. माझं शिक्षण चौथी. कुणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

सुनेचं नाव वर्षा. ती नांदेडला इंजिनिअरिंग शिकली. आमचा पोरगा गाडीवर असतो, आज इथं तर उद्या तिथं, म्हणून ती पूर्णेतच राहून माडीवरच्या खोलीतून काम करते. मी पेन्शनीत बसल्यावर घरात लय लक्ष घालायला लागलो. भाजीत मीठ किती, पंखा कितीवर, दारावर कोण आलं. तेव्हा तिनं मला वर बोलावलं, एक वेबसाइट उघडून दिली आणि म्हणली, "मामा, हा फॉर्म भरून द्या बरं. अडलात की मला विचारायचं न्हाई. नुसतं म्हणायचं, अडलो." मी पहिल्याच पानावर इतक्या ठिकाणी अडलो की तिला लिहून घेता घेता दम लागला. आणि ती खूश झाली. माझ्या अडण्यानं कुणी खूश झालेलं मी जन्मात पहिल्यांदा बघितलं. दुसऱ्या दिवशी मी न बोलावता वर गेलो.

आता धंदा काय आहे ते सांगतो. वेबसाइट बनवणारा वेगळा असतो. त्याला सगळं नीटच दिसतं, कारण कुठं दाबायचं ते त्याला ठाऊक असतं. ती दुसऱ्या माणसाच्या हातात टिकते का, हे बघणं आमचं काम. पण रोज तेच फॉर्म कोण भरत बसणार? त्यासाठी पॅकेज असतं, म्हणजे कॉम्प्युटरचा तयार प्रोग्राम. ब्राउझर म्हणजे ज्या खिडकीतून आपण इंटरनेट बघतो ती खिडकी. हे पॅकेज ती स्वतः उघडतं, रकान्यात नाव भरतं, बटण दाबतं आणि पुढं बरोबर पान आलं का ते बघतं. आलं तर हिरवी खूण, न आलं तर लाल. वर्षा त्याला आधी ओळीनं सांगून ठेवते, हे उघड, हे भर, हे दाब. त्याला स्क्रिप्ट म्हणतात. नाटकाची असते तशीच, फरक एवढाच की यातला नट पदरचं एक अक्षर बोलत नाही.

सुरुवातीला मी फॉर्म भरायचो आणि पॅकेज माझ्या मागं बसून सगळं टिपून घ्यायचं. मला प्रत्येक बटण दोनदा दाबायची सवय. एसटीत कंडक्टरनं दोनदा घंटी दिल्याशिवाय गाडी हलते का? तर पॅकेजनंही दोनदा दाबायचं टिपून घेतलं आणि गंगाखेडच्या एका पशुखाद्यवाल्याच्या साइटवर एका पोत्याच्या ऑर्डरीला दोन पोती यायला लागली. वर्षानं कपाळाला हात लावला. मी म्हणलं, गिऱ्हाईक दोनदा दाबणारच, साइटनं एकदाच ऐकावं. ती म्हणली, हे बरोबर हाय मामा, पण असल्या चुकीला आमच्याकडं नाव बी हाय आणि औषध बी. मी जरा हिरमुसलो. मला वाटलं होतं मीच शोध लावला.

त्याच पशुखाद्यवाल्याचा दुसरा किस्सा. मोबाइलवर त्याचं ऑर्डरचं बटण काही केल्या दाबलं जाईना. पॅकेज दर वेळी लाल खूण करून सांगायचं, की बटण जागेवर आहे पण त्याच्यावर दुसरंच काहीतरी बसलंय. वर्षानं शोधलं तर बटणावर मालक बसलेले. फेटा बांधलेला, हात जोडलेला त्यांचा मोठा फोटो लहान पडद्यावर घसरून बटणावर यायचा. आम्ही फोन केला. फोटो थोडा बारीक करा म्हणल्यावर मालकांचा आवाज चढला. "माझ्याच दुकानात मला बारीक करता व्हय?" त्यांचा मुद्दा मला पटला. मीच तोडगा काढला, की फोटो आहे तेवढाच राहू द्या, बटण तुमच्या पायाशी ठेवतो. ते लगेच कबूल झाले. आजही ते बटण तिथंच आहे.

या पॅकेजांची एक गोष्ट माझ्या डोक्यात लय दिवस शिरत नव्हती. ती फुकट असतात. नुसती फुकट नाही, उघडी असतात. आत काय लिहिलंय ते कुणीही वाचावं, चूक दिसली तर सांगावं, जमलं तर दुरुस्त करून द्यावं. मी रेल्वेतला माणूस. आमच्याकडं पान्यावरसुद्धा नंबर असायचा आणि पाळी संपताना तो जमा केल्याशिवाय घरी जाता यायचं नाही. मी वर्षाला विचारलं, मग हे आहे कुणाचं? ती म्हणली, "कुणाचंच न्हाई मामा. सगळ्यांचं." मी म्हणलं, सगळ्यांचं असतं त्याची काय गत होते ते मी पूर्णेच्या नळावर बघितलंय. पण हे चालतं, हे खरं.

चालतं कसं, ते मला त्र्यंबकरावांमुळं समजलं.

त्र्यंबकराव म्हणजे मी केलेला माणूस. चाचणीच्या फॉर्मात वर्षाच्या धंद्यातले लोक काहीही भरतात. नाव टेस्ट, आडनाव टेस्ट, गाव एबीसी. मला ते बघवेना. फॉर्म कुठलाही असो, त्यात माणूस भरायचा असतो. मी ठरवून अवघड नाव काढलं, म्हणजे साइटचा कस लागेल. त्र्यंबकराव लक्ष्मणराव क्षीरसागर, मुक्काम राणीसावरगाव, तालुका गंगाखेड. राणीसावरगाव माझं आजोळ, म्हणून तिथले पत्ते मला चुकत नाहीत. शेती बरी, स्वभाव गरीब, एक मुलगी लग्नाची. मोबाइल नंबर माझा, कारण ओटीपी कुठंतरी यायला पाहिजे.

पॅकेजनं त्र्यंबकरावांचं नाव रकान्यात भरलं की जोडाक्षरं फुटायची. वर्षा म्हणली, इंग्रजीत भरू. मी म्हणलं, त्यांना इंग्रजी येत नाही. दोन दिवस आमचं बोलणं बंद. मग तिनं त्या पॅकेजवाल्यांच्या चावडीवर, म्हणजे इंटरनेटवर ते सगळे जिथं बोलतात तिथं, तक्रार लिहिली. कुठल्यातरी लांबच्या देशातल्या माणसानं विचारलं, हे नाव कसं दिसायला पाहिजे? वर्षानं चित्र पाठवलं. त्यानं दुरुस्ती केली आणि पुन्हा बिघडू नये म्हणून त्यांच्या स्वतःच्या तपासणीत आमचं नाव कायमचं घालून ठेवलं. आता जगात कुणीही ते पॅकेज सुधारायला घेतलं की आधी त्र्यंबकराव नीट उमटतात का ते बघावं लागतं. मी नागपूरच्या पुढं गेलेलो नाही. त्र्यंबकराव जाऊन आले.

आता मूळ गोष्टीवर येतो.

पालमच्या एका मंगल कार्यालयानं वेबसाइट केली. घरबसल्या तारीख धरायची, बाकीचं कार्यालयात येऊन बोलायचं. अशा कामात दोन साइटी असतात, एक खरी आणि एक सरावाची. सरावाच्या साइटवर वाट्टेल तो गोंधळ घाला, कुणाचं काही जात नाही. आम्ही सरावाच्या साइटवर त्र्यंबकरावांच्या मुलीचं लग्न लावत होतो. हिरवी खूण आली की मोडत होतो, पुन्हा लावत होतो. पण ज्या पोरानं साइट बनवली होती त्यानं एक दिवस सरावाच्या साइटला खऱ्या तारखांचा साठा जोडला आणि तसाच ठेवला. मोडायची पाळी यायच्या आत त्या दिवशी आमची वीज गेली. त्र्यंबकरावांच्या मुलीचं लग्न खरंच ठरून बसलं.

हे आम्हाला समजलं ते कार्यालयाचे मॅनेजर माणिकराव यांच्या फोननं. दुपारी मी जेवून पडलो होतो.

"त्र्यंबकराव का?"

मी झोपेत म्हणलं, ते इथं नसतात.

माणिकराव म्हणले, आले की निरोप द्या. इथं वाघमारे गुरुजी येऊन बसलेत. त्यांच्या पोरीचं लग्न, नवरदेव मिलिटरीत, सुट्टी तेवढीच, आणि तीच तारीख तुम्ही धरलीय. पालमातलं दुसरं कार्यालय आधीच गेलं. गुरुजींच्या दारात मंडपाला जागा नाही. तेव्हा त्र्यंबकराव थोडं मागंपुढं होतील का, असं विचारायचं होतं.

माझी झोप उडाली. मी सांगितलं, असा माणूसच नाही हो, ते आमचं चाचणीचं नाव आहे.

"असं कसं? राणीसावरगावचे न्हवं का? मी वळखतो की त्यांना. डाव्या पायानं जरा लंगडत्यात."

मला राग आला. म्हणलं, लंगडत नाहीत. मी त्यांना लंगडं ठेवलेलंच नाही.

"बघा," माणिकराव म्हणले, "तुमी बी वळखताच की."

वर्षानं लगेच साइटवाल्या पोराला फोन लावला. तो म्हणला, एका मिनिटात उडवतो. पण माणिकराव अडून बसले. मागं एकदा कुणीतरी कॉम्प्युटरवरून तारीख उडवली होती आणि दोन वराती दोन बँड घेऊन एकाच गेटवर आल्या होत्या. ते निस्तरताना माणिकरावांच्या अंगावरचा सदरा फाटला होता. तेव्हापासून त्यांचा नियम, की ज्यानं तारीख धरली त्यानं समोर येऊन सोडायची. ज्या माणसाला गाव आहे, फोन आहे, लग्नाची पोरगी आहे, तो माणूस नाही असं फोनवर सांगितलेलं ते कसं ऐकून घेणार? खरं सांगायचं तर मीही ऐकलं नसतं.

दुसऱ्या दिवशी मी आणि वर्षा एसटीनं पालमला गेलो. कार्यालयाच्या ऑफिसात माणिकराव आणि वाघमारे गुरुजी बसलेले. गुरुजी जवळच्या खेड्यात शिकवतात, बोलणं कमी, कपडे इस्त्रीचे. माणिकराव उठून उभे राहिले. "या, त्र्यंबकराव."

मी म्हणलं, मी त्र्यंबकराव नाही. ते कुणीच नाहीत. त्यांचं नाव मी ठेवलं, गाव मी दिलं, पोरगी पण मीच दिली.

"पोरगी तुमी दिली म्हंजी बाप तुमीच की," माणिकराव म्हणले.

वर्षानं लॅपटॉप उघडला आणि दाखवलं, की बघा, हे यंत्र आपोआप नाव भरतं. पडद्यावर त्र्यंबकराव लक्ष्मणराव क्षीरसागर भराभर उमटले, गाव उमटलं, तालुका उमटला. माणिकरावांची खात्री आणखीच पटली. सरकारदरबारी नोंद असावी तसं ते बघत होते. मग त्यांनी माझी खुर्ची जवळ ओढली, चहा सांगितला आणि आवाज बारीक केला.

"मोडली का सोयरीक? व्हतंय असं. माझ्या पुतणीचं बी झालतं. त्यात लाजायचं काय काम न्हाई."

वर्षा माझ्या कानात म्हणली, मामा, हो म्हणा आणि मोकळं व्हा. ओटीपी तुमच्याच मोबाइलवर येतो, तारीख तुम्हीच रद्द करा. तिनं रद्द करायचं पान काढून दिलं. त्या पानावर कारण निवडल्याशिवाय पुढं जाता येत नव्हतं आणि कारणं तीनच होती. सोयरीक मोडली. घरात मयत झाली. कार्यालय पसंत नाही.

माझं बोट तिथंच राहिलं.

घरात मयत म्हणजे कोण मेलं? त्र्यंबकरावांच्या घरात ते, बायको आणि पोरगी. कुणालाही मारायला मी तयार नव्हतो. कार्यालय पसंत नाही म्हणावं तर माणिकराव चहा घेऊन समोर उभे. राहिलं पहिलं. वर्षा म्हणली, "दाबा मामा. तो माणूसच न्हाई, तर मोडंल कुणाचं?"

मी म्हणलं, ज्या माणसाला मी रोज सकाळी उठवून कामाला लावतो, त्याच्या पोरीचं लग्न मोडलं असं माझ्या हातानं मी लिहिणार नाही. घरात लग्नाची पोरगी असली की असलं बोलूसुद्धा नये. वर्षाचा चेहरा लाल झाला. ती एवढंच म्हणली, की मग मी इथं कशाला आले? तिचंही खरं होतं. हे कार्यालय तिचं नवं गिऱ्हाईक होतं. पण मी एकदा नाही म्हणलं की नाही. रेल्वेत साहेब लोकांनाही हे ठाऊक होतं.

गुरुजींनी चष्मा काढून पुसला.

"तात्या, तुमची लेक कॉम्प्युटरात हाय. तिला कितीबी दिवस थांबवा, तिचं काय बिघडत न्हाई. माझी घरी बसून वाट बघायलीय. पोराची सुट्टी संपली की तो सरहद्दीवर जाणार. पुन्हा कवा येईल ते त्याला बी ठाऊक न्हाई."

ते रागानं बोलले असते तर मी भांडलो असतो. ते वर्गात गणित समजावून सांगावं तसं बोलले.

मी पुन्हा पानाकडं बघितलं. मनात नसताना एखादं पान बघत बसलं की त्यावरचं सगळं दिसतं. एका कोपऱ्यात बारीक अक्षरात "दुरुस्ती" असं होतं. आमच्या कुठल्याच स्क्रिप्टमध्ये ते नव्हतं. वर्षानं कधी दाबलं नव्हतं, मी तर नाहीच. मी ते दाबलं. पत्रिकेत नाव चुकलं तर सुधारता यावं म्हणून साइटवाल्यानं सोय केली होती. नवरीचं नाव बदलता येत होतं, नवरदेवाचं बदलता येत होतं. तारीख धरणाऱ्याचं नाव तेवढं कुलपात.

मी गुरुजींना विचारलं, पोरीचं नाव काय? ते म्हणले, प्रज्ञा. नवरदेवाचं नावही त्यांनी सांगितलं. मी एका बोटानं दोन्ही नावं भरली. मोबाइल वाजला, ओटीपी आला, तो घातला. पान हिरवं झालं.

माणिकरावांनी चष्मा नाकावर सरकवून सगळं वाचलं. तारीख कुणी सोडली नव्हती, कुणी उडवली नव्हती. नियमात काहीच बसत नव्हतं आणि काही मोडतही नव्हतं.

गुरुजी म्हणले, "म्हंजी आता माझ्या पोरीचं लग्न हे त्र्यंबकराव लावणार?"

"लावू द्या की," माणिकराव म्हणले. "माणूस चांगला हाय."

परतताना गंगाखेडला गाडी बदलली, तिथं वर्षानं मला उसाचा रस पाजला आणि सांगितलं, की उद्यापासून फॉर्मात नाव भरायचं ते 'चाचणी एक' असं. गाव नाही, पोरगी नाही. आता पॅकेज रोज चाचणी एकचं लग्न लावतं आणि मोडतं. हिरव्या खुणा येतात. मला त्यात गोडी नाही, पण तिचं ऐकतो. दुरुस्तीच्या बटणाची स्क्रिप्ट मात्र तिनं त्याच आठवड्यात लिहिली.

लग्नाची पत्रिका पूर्णेला आली, माझ्या नावानं. मी आणि वर्षा गेलो. कार्यालयाच्या गेटवर विजेच्या अक्षरांची पाटी होती आणि ती सरळ साइटवरून नाव उचलत होती. त्र्यंबकराव लक्ष्मणराव क्षीरसागर आपले सहर्ष स्वागत करीत आहेत. पाहुणे आत येऊन गुरुजींना विचारायचे, हे कोण? गुरुजींनी पहिल्या दोघातिघांना सगळं समजावून सांगितलं. मग लोक वाढले आणि ते नुसतं म्हणायला लागले, आमच्या जवळचे आहेत. माणिकराव माझ्या बाजूनं जाताना दर वेळी मान लववत होते.

बुद्धवंदना झाली, लग्न लागलं. नवरदेवाकडच्या एकानं माइक घेतला आणि कार्यालय मिळवून देणाऱ्या त्र्यंबकरावांनी स्टेजवर येऊन वधूवरांना आशीर्वाद द्यावा, अशी विनंती केली. कुणी उठलं नाही. त्यानं पुन्हा पुकारलं. पाचशे माणसं मान वळवून बघायला लागली. वर्षानं माझ्या सदऱ्याचं टोक धरलं आणि हळूच म्हणली, मामा, बसा. मी टोपी नीट केली आणि उठलो.

स्टेजवर गुरुजींनी मला फेटा बांधला. पोरगी वाकून पाया पडली. तिला घरी सगळं सांगितलेलं होतं. उठताना हसू दाबत ती म्हणली, "काका, तुमच्या लेकीला न्हाई आणलं लग्नाला?"

मी म्हणलं, "दुरुस्ती केली न्हवं का. तूच हायस ती."